अंगणातले पाण्याचे भांडे

आमच्या पडवीच्या पायरीशी एक जर्मनचे पातेले असे. साधारण लिटरभर पाणी मावेल एवढे. सकाळी चहाचे आधण ठेवताना सौ. ते भरून ठेवी आणि संध्याकाळी दिवेलागणीला उरलेसुरले पाणी तुळशीत ओती. बंड्याच्या साऱ्या आयुष्यात या क्रमात कधी फरक पडल्याचे मला आठवत नाही. बंड्या म्हणजे आमचा कुत्रा. जातिवंत वगैरे काही नव्हे. केळव्याच्या रस्त्यावर सुरूच्या झाडाखाली सापडलेले, पावसात भिजून थरथरणारे गावठी पिल्लू. आमच्याकडे तो सात वर्षे होता. वजन अठरा किलो, रंग मातकट, स्वभाव नावाप्रमाणे.

2022 च्या आषाढात, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी ते पातेले तीनदा भरावे लागले. सौ.ने मला तसे सांगितलेही. “अहो, हा आज सारखा पाणी पितोय.” मी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणालो, “उकडतंय ना.” बाहेर पावसाची झोड उठली होती आणि उकडण्याचा प्रश्नच नव्हता. आज मागे वळून पाहताना वाटते, त्या आठवड्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच होते. त्यानंतर डॉक्टरांनी, रक्ताच्या तपासण्यांनी आणि यंत्रांनी जे काही सांगितले, ते सारे त्या पातेल्याने आदल्या दिवशीच सांगून टाकले होते.

आमचे माहीम म्हणजे मुंबईचे माहीम नव्हे, पालघरचे. केळवे-माहीम अशी जोडीने नावे घेतली जातात. समुद्राकाठचा हा सारा पट्टा वाड्यांचा आहे. पानवेली, केळी, नारळ, सुपारी आणि मधून मधून भाजीपाला. पावसाळ्यात वाडीच्या पाटांतून आणि सऱ्यांतून पाणी साचलेले असते, शेतात भाताची लावणी चालू असते. कोठारात भात आणि नारळ असतो, आणि जिथे भात-नारळ तिथे उंदीर-घुशी हे ओघानेच आले. बंड्याचे सारे जग या दोहोंच्या मध्ये होते. घुशीच्या बिळावर पहारा देणे हे तो आपले मुख्य काम समजे आणि तहान लागली की पातेल्यापर्यंत येण्याऐवजी वाडीतल्याच डबक्यात तोंड घाली. कोणी त्याला अडवले नाही. गावठी कुत्र्याला काही होत नाही, ही आपल्याकडची सार्वत्रिक समजूत माझीही होती.

एकादशीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तो वाडीतून परतला तो मागच्या पायाने लंगडत. पाठीला हात लावला की अंग चोरी. मला वाटले, कुठे उडी मारताना लचकला असेल. माझ्या गुडघेदुखीच्या गोळ्या कपाटात होत्या. अर्धी गोळी गुळात घालून मी त्याला दिली. रविवारी पुन्हा अर्धी. त्याला बरे वाटले असे मला वाटले. सौ. त्या दिवशी उपासाच्या तयारीत होती; तिला मी हे सांगितले नाही. सांगण्यासारखे काही आहे असे तेव्हा वाटलेच नाही.

मंगळवारी त्याला उलट्या सुरू झाल्या. ताज्या बोंबलाचे डोके समोर ठेवले तरी त्याने मान फिरवली. पाण्याचे पातेले आता तसेच भरलेले राहू लागले. बुधवारी आम्ही त्याला रिक्षात घालून पालघरला नेले. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर केला. हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर झाला होता, आणि तोंडाला एक विचित्र, नवसागरासारखा उग्र वास येत होता. “याने लघवी कधी केली?” त्यांनी विचारले. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. ज्या प्राण्याने सात वर्षे आमच्या दारातले प्रत्येक झाड ओले केले, त्याने शेवटचे कधी केले ते आम्हा दोघांपैकी एकालाही सांगता येईना.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. “घरातली कुठली गोळी दिली का? दुखण्याची वगैरे?”

मी म्हणालो, “नाही.”

का म्हणालो, ते मला आजही नीट उलगडलेले नाही. सौ. शेजारी उभी होती, एवढेच कारण असेल. शाळेत काच फोडलेल्या पोराच्या तोंडून निघावे तसे ते ‘नाही’ निघून गेले.

संध्याकाळी रक्ताचा अहवाल आला. क्रिएटिनिन नावाचा एक टाकाऊ पदार्थ स्नायूंच्या कामातून रक्तात येत असतो आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकत असतात. निरोगी कुत्र्याच्या रक्तात तो डेसिलिटरला दीड मिलिग्रॅमच्या आत असतो. बंड्याचा आकडा होता साडेनऊ.

डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावले. कुत्र्याच्या एकेका मूत्रपिंडात सुमारे चार लाख सूक्ष्म गाळण्या असतात. माणसाच्या मूत्रपिंडात त्या साधारण दहा लाख. निसर्गाने या अवयवाला इतकी शिल्लक देऊन ठेवली आहे की दोनतृतीयांश गाळण्या बंद पडेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. त्यानंतर पहिली खूण दिसते ती ही की लघवी पातळ होते, पुष्कळ होते, आणि गेलेले पाणी भरून काढण्यासाठी जनावर सारखे पाणी पिते. रक्तातला क्रिएटिनिन वाढेपर्यंत तर सुमारे पाऊण काम बंद पडलेले असते. म्हातारपणी हे वर्षानुवर्षे हळूहळू होते. पण विष, संसर्ग किंवा रक्तपुरवठा तुटणे यांपैकी काही घडले, तर तोच प्रवास दोन-चार दिवसांत होतो. सोमवारची तीन पातेली हा त्या प्रवासातला एक थांबा होता. आम्ही तिथे उतरलो नाही.

डॉक्टरांचा संशय लेप्टोस्पायरोसिसवर होता. ‘लेप्टो’ हे नाव मुंबईकरांच्या तोंडी बसले ते 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर. पण रोग जुना आहे. 1886 मध्ये जर्मनीत अडॉल्फ वाइल यांनी कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र होणाऱ्या तापाचे वर्णन केले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी त्याचा मळसूत्रासारखा जंतू शोधला. कुत्र्यांतला हा आजार तर त्याच्याही आधी, 1898 च्या सुमारास, स्टुटगार्ट शहरात नोंदला गेला आणि पुढे कित्येक वर्षे तो ‘स्टुटगार्टचा रोग’ म्हणूनच ओळखला जाई. हा जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडांत त्यांना फारसा त्रास न देता राहतो, त्यांच्या मूत्रावाटे साचलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत उतरतो आणि कातडीवरच्या एखाद्या ओरखड्यातून किंवा तोंडा-डोळ्यांच्या नाजूक त्वचेतून दुसऱ्या शरीरात शिरतो. कोरडेपणा आणि ऊन त्याला सोसत नाही. कोकणातला पावसाळा त्याला फार मानवतो.

“याचे इंजेक्शन दिले होते?” डॉक्टरांनी विचारले. रेबीजची लस आम्ही दरवर्षी न चुकता टोचून घेत असू, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. पण पिलांना जी पाच-सात रोगांची एकत्र लस देतात, तिच्यातच लेप्टोचाही भाग असतो, आणि त्या भागाचे संरक्षण साधारण वर्षभरच टिकते, हे मला त्या दिवशी कळले. बंड्याला ती लहानपणी एकदा मिळाली होती. त्यानंतर सहा पावसाळे होऊन गेले होते.

गुरुवारी पहाटे गाडी ठरवून आम्ही मुंबईला निघालो. मनोरला महामार्गाला लागलो, वर्सोव्याच्या पुलावरच्या कोंडीत तास गेला. बंड्या सौ.च्या मांडीवर डोके ठेवून पडला होता. त्याला गाडीत बसायची भारी हौस, खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा पीत जायचा. त्या दिवशी त्याने एकदाही मान उचलली नाही.

मुंबईच्या रुग्णालयात त्याला सलाईन लावले, मूत्राशयात नळी घातली आणि नळीच्या टोकाला पिशवी. मूत्रपिंड बंद पडलेल्या रुग्णाचे सारे नशीब त्या पिशवीत दिसते. कुत्र्याने तासाला किलोमागे एक ते दोन मिलिलिटर लघवी करायला हवी. म्हणजे बंड्याने अठरा ते छत्तीस. आम्ही दोघे आळीपाळीने त्या पिशवीवरच्या रेघांकडे पाहत बसलो. दुपारी तीन, संध्याकाळी चार, रात्री दोन. सलाईन आत जात होते आणि बाहेर काही येत नव्हते. जास्त पाणी दिले तर ते फुप्फुसांत साचणार, कमी दिले तर उरलीसुरली मूत्रपिंडे सुकणार. या दोन कड्यांच्या मधून डॉक्टर त्याला चालवीत होते.

शुक्रवारी रात्री सौ. बाकावर बसल्या बसल्या झोपली असताना मी ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंपाशी गेलो आणि गोळीचे सांगितले. त्यांनी गोळीचे नाव विचारले. डायक्लोफिनॅक.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी केसपेपरवर लिहून घेतले आणि म्हणाल्या, “काका, गिधाडांचं ठाऊक आहे ना?” ठाऊक होते. भारतातली गिधाडे नाहीशी होत होती आणि कारण सापडत नव्हते. 2004 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. 2006 मध्ये सरकारने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. हे सारे मी वाचले होते, चार लोकांना सांगितलेही होते. पण गिधाडांविषयी वाचलेली बातमी आणि माझ्या कपाटातली गुडघ्याची गोळी या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी भेटल्याच नव्हत्या.

त्यांनी मला शांतपणे सांगितले की शरीरात पाणी कमी पडले की मूत्रपिंडे काही द्रव्यांच्या मदतीने आपला रक्तपुरवठा सांभाळतात. वेदनाशामक गोळ्या नेमकी तीच द्रव्ये अडवतात. माणसाला सोसणारी मात्रा कुत्र्याला सोसत नाही. आणि मग त्यांनी असे काही सांगितले, ज्याने माझा भार हलकाही झाला आणि जडही झाला. लेप्टोची सुरुवात पुष्कळदा अंगदुखीनेच होते. स्नायू दुखतात, कुत्रा लंगडतो, पाठ धरतो. म्हणजे शनिवारचे लंगडणे ही लचक नसून रोगाची पहिली हाक असू शकत होती, आणि त्या हाकेवर मी जे उत्तर दिले, ते नेमके आधीच अडचणीत आलेल्या मूत्रपिंडांवर जाऊन पडले.

“म्हणजे कशाने झालं?” मी विचारले.

“नक्की सांगता यायचं नाही,” त्या म्हणाल्या. लेप्टोची खात्री करायची तर रक्ताचे दोन नमुने दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेऊन प्रतिद्रव्ये वाढली का ते पाहावे लागते. आमच्याकडे दोन-तीन आठवडे नव्हते. औषधे दोन्ही शक्यता धरूनच चालू होती. “आधी सांगितलं असतं तर उपचार फार वेगळे झाले असते असं नाही. पण आम्हांला खरं कळलेलं बरं असतं.”

शनिवारी सकाळी क्रिएटिनिन तेराच्या पुढे गेले आणि रक्तातले पोटॅशियम चढू लागले. पोटॅशियम हे हृदय थांबवणारे. आता उरला होता एकच उपाय, डायलिसिस.

या उपायाचा इतिहास मी नंतर वाचला आणि वाचताना गप्प झालो. 1902 मध्ये व्हिएन्नात एमेरिख उलमान यांनी मूत्रपिंड काढून दुसरीकडे जोडण्याचा पहिला यशस्वी प्रयोग केला तो एका कुत्र्यावर. त्याचेच मूत्रपिंड त्याच्या मानेत बसवले. 1913 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्त शरीराबाहेर नळ्यांतून खेळवून गाळण्याचे यंत्र केले, तेही प्राण्यांवर, आणि रक्त गोठू नये म्हणून जळवांच्या तोंडातले द्रव्य वापरून. त्यानंतर तीस वर्षांनी, 1943 मध्ये, युद्धाच्या धामधुमीत हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टनासाठीचा सेलोफेन वापरून माणसासाठी कृत्रिम मूत्रपिंड उभे केले, आणि 1945 मध्ये त्यावर पहिली रुग्ण वाचली. 2016 पासून आपल्या देशात जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायलिसिस देण्याची राष्ट्रीय योजना आहे. या साऱ्याच्या पायाशी कुत्री आहेत. आणि कुत्र्यांसाठीचे डायलिसिस? ते चेन्नईच्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात होते, लुधियानाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात होते. त्या शनिवारी आम्ही जिथे उभे होतो तिथे होत नव्हते. पोटाच्या पोकळीत द्रव सोडून आणि काढून रक्त शुद्ध करण्याची एक पद्धत आहे, ती करून पाहता आली असती. यंत्र असो की ही पद्धत, ती मूत्रपिंडे बरी करीत नाही, फक्त वेळ मिळवून देते. आणि वेळ मिळाला तर मूत्रपिंडाच्या नलिकांचे अस्तर काही आठवड्यांत पुन्हा उगवू शकते. “याच्या बाबतीत आशा फार थोडी,” असे मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. “त्याला मात्र त्रास होईल.”

निर्णय सौ.ने घेतला. “त्याला घरी नेऊ,” ती म्हणाली. “त्याला इथली फरशी आवडत नाही.”

परतीच्या वाटेवर, मनोरच्या फाट्याशी, मी तिला गोळीचे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मी तीन वेळा पाणी भरलं, तेव्हा मीपण डॉक्टरकडे नेलं नाही.” एवढेच. त्यानंतर आम्ही दोघांनी या विषयाची वाटणी पुन्हा कधी केली नाही.

रविवारी सकाळी पालघरचे डॉक्टर घरी आले. पाऊस थोडा उघडला होता. बंड्याला पडवीत त्याच्या गोणपाटावर ठेवले होते. इंजेक्शनाला अर्धा मिनिट लागला असेल. डॉक्टरांनी आम्हांला हातमोजे घालायला लावले, खड्डा खोल आणि विहिरीपासून लांब घ्यायला सांगितला आणि तो जिथे जिथे झोपला-ओकला होता ती जागा ब्लीचिंग पावडरने धुवायला सांगितली. लेप्टो कुत्र्यापासून माणसालाही होऊ शकतो. मग त्यांनी विचारले, “वाडीत कामाला कोण येतं? कुणाला ताप आहे?”

होता. आमच्याकडे वीस वर्षे येणाऱ्या वारली बाई दोन दिवस तापाने निजून होत्या. पायाला भेगा, आणि लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात अनवाणी उभे राहणे. ‘पावसाचा ताप’ म्हणून घरात कोणी मनावर घेतले नव्हते. मी स्वतः त्यांच्या पाड्यावर गेलो आणि त्यांच्या मुलाबरोबर त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवले, सोबत चिठ्ठी दिली की आमच्या कुत्र्याला बहुधा लेप्टो झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी वाचली, डोळे आणि पोटऱ्या तपासल्या आणि त्याच दिवशी डॉक्सिसायक्लिन सुरू केले. आठवडाभराने बाई कामावर आल्या. त्यांना लेप्टोच झाला होता का, हेही नक्की कळले नाही. माणूस वेळेत बरा झाला की पुढच्या तपासण्या कोण करतो? कामावर आल्या त्या दिवशी त्यांनी रिकाम्या गोणपाटाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “कुत्र्यानं आधी सांगितलं.”

बंड्याला मृत्यूनंतर मोठेपण द्यावे म्हणून मी हे लिहीत नाही. पण वाडीत ज्या पाण्यात आपण, आपली पोरे आणि आपले कामकरी वावरतात, त्यात आधी तोंड घालतो तो कुत्रा. त्याचे आजारपण हे त्या पाण्याचे वर्तमान असते. ते वाचायला शिकले पाहिजे.

म्हणून थोडे व्यवहाराचे. निरोगी कुत्रा दिवसाला किलोमागे साधारण पन्नास-साठ मिलिलिटर पाणी पितो. शंभराच्या वर गेला, किंवा एकाएकी प्यायचाच थांबला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लेप्टोची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याच्या आधी टोचून घ्यावी. माणसांची दुखण्याची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. द्राक्षे आणि बेदाणेही काही कुत्र्यांची मूत्रपिंडे बंद पाडतात. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे त्याला कौतुकाने घालू नयेत. घोणस चावल्यानेही हेच होते, तेव्हा वाडीतून सुजलेल्या तोंडाने आलेल्या कुत्र्याला ‘गांधीलमाशी चावली’ म्हणून सोडून देऊ नये. पावसाळ्यात चिखलात उतरणाऱ्या कामकऱ्यांना गमबूट घेऊन द्यावेत. आणि डॉक्टरने विचारले तर खरे सांगावे, शेजारी कोणीही उभे असले तरी.

2024 मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे प्राण्यांसाठीचे मोठे रुग्णालय सुरू झाल्याचे वाचले, तेव्हा मनात पहिला विचार आला तो वर्सोव्याच्या पुलाचा. रुग्णालये वाढताहेत ही आनंदाची गोष्ट. पण माहीमहून निघालेल्याला शंभर किलोमीटर अंतर राहतेच, आणि मूत्रपिंडाच्या आजारात हे अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, मिलिलिटरमध्ये मोजायचे असते. आपल्या हातात असते ती सुरुवात. ती दवाखान्यात होत नाही, अंगणात होते.

गेल्या वर्षी बाईंच्या पाड्यावरून एक पिल्लू आमच्याकडे आले. नाव अजून नीटसे ठरलेले नाही, सौ. एक म्हणते, मी दुसरे म्हणतो. त्याला जूनच्या पहिल्या आठवड्यात लस टोचून आणली. पातेले तेच आहे. सौ.ने त्याच्या आतल्या बाजूला खिळ्याने पाव-पाव लिटरच्या चार रेघा ओढल्या आहेत. संध्याकाळी तुळशीत पाणी ओतण्यापूर्वी ती वाकून रेघ पाहते आणि मला मोठ्याने आकडा सांगते. मी वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकतो.